शाळेतच मिळणारे कॉलेजचे क्रेडिट नेमके कुणासाठी?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची असोसिएट पदवी देणाऱ्या आणि प्रवेशाला फारशी चाळणी न लावणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयांत, आज पटावर असलेल्या दर पाच विद्यार्थ्यांपैकी साधारण एक जण अजून हायस्कूलमध्येच शिकत असतो. २०२२-२३ या वर्षात देशभरातील सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थ्यांनी कॉलेजचा किमान एक अभ्यासक्रम घेतला. ड्युअल एनरोलमेंट या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत काही दशकांपूर्वी थोड्याशा राज्यांपुरती आणि थोड्याशा मुलांपुरती होती; आता ती अमेरिकी शिक्षणव्यवस्थेचा एक मोठा आणि सतत वाढणारा भाग झाली आहे. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत नववीतल्या मुलाच्या अभ्यासाचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न येतो: शाळा संपेपर्यंत किती क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे अभ्यासक्रमांचे श्रेयांक, जमा होतील? मला या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि सार्वजनिक पैसा ज्या योजनेवर खर्च होतो तिच्याबाबत तो विचारणे आवश्यकही आहे. ही सोय मुळात कुणासाठी असावी?

शाळेत असताना कॉलेजचे क्रेडिट मिळवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि त्यांची रचना अगदी वेगळी आहे. पहिला मार्ग ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एपी. यात शाळेतलेच शिक्षक शाळेच्याच वर्गात कॉलेजच्या पातळीचा विषय शिकवतात, मे महिन्यात कॉलेज बोर्ड ही संस्था देशभर एकच परीक्षा घेते आणि १ ते ५ असे गुण देते. परीक्षेचे शुल्क विषयामागे १०० डॉलरच्या घरात असते. ३ किंवा अधिक गुण मिळाले तर विद्यार्थी उत्तीर्ण झाला असे मानतात, पण त्या गुणांचे क्रेडिटमध्ये रूपांतर करायचे की नाही हे विद्यार्थी ज्या कॉलेजात पुढे जाईल ते कॉलेज ठरवते. दुसरा मार्ग ड्युअल एनरोलमेंटचा. त्यात विद्यार्थी एकाच वेळी शाळेचा आणि एखाद्या कॉलेजचा विद्यार्थी असतो. कधी तो कॉलेजच्या वर्गात जाऊन बसतो, कधी ऑनलाइन शिकतो, तर कधी कॉलेजने मान्यता दिलेले शाळेतलेच शिक्षक त्याला तो अभ्यासक्रम शिकवतात. एका दिवसाच्या परीक्षेवर सर्व काही अवलंबून नसते. सत्रभराच्या कामावर ग्रेड मिळते आणि ती त्या कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमची नोंदली जाते.

या दोन मार्गांचा जन्म दोन वेगळ्या हेतूंतून झाला. एपीची कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. अँडोव्हर, एक्झेटर आणि लॉरेन्सव्हिल या नामांकित खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे यांच्या अध्यापकांनी एकत्र बसून असे मांडले की हुशार मुलांना शाळेच्या शेवटच्या वर्षात आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात तेच ते पुन्हा शिकवले जाते आणि त्यांचा वेळ फुकट जातो. फोर्ड फाउंडेशनच्या निधीने या विचाराला बळ दिले, आणि १९५५-५६ पासून कॉलेज बोर्डाने कार्यक्रमाची सूत्रे हाती घेतली. ती शीतयुद्धाची वर्षे होती. देशाची बुद्धिमत्ता लवकर ओळखून तिला लवकर पुढे न्यावे ही निकड सगळीकडे जाणवत होती. ज्याचे कॉलेजात जाणे ठरलेलेच आहे त्याला अर्धे वर्ष पुढे नेणे, हा त्या योजनेचा साधा आणि स्पष्ट उद्देश होता.

दुसऱ्या मार्गाची मुळे वेगळ्या मातीत आहेत. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच एक हायस्कूल सुरू झाले, आणि त्यात जाणीवपूर्वक अशी मुले घेतली गेली जी शाळा अर्ध्यावर सोडण्याच्या बेतात होती. मुलगा वर्गात चमकत नसेल तर त्याला आणखी सोपे काहीतरी द्यायचे, ही नेहमीची वाट त्या शाळेने नाकारली आणि त्याला कॉलेजच्या वातावरणात आणून बसवले. १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना राज्याच्या खर्चाने कॉलेजात शिकण्याचा हक्क दिला. शिकवणी शुल्क आणि पुस्तके यांचा भार कुटुंबावर पडणार नाही अशी तरतूद त्यात होती. पुढे वॉशिंग्टन राज्याने याच धर्तीवर कार्यक्रम आणला आणि इतर राज्ये मागोमाग आली. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्ड कॉलेजने जे हायस्कूल काढले आणि २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या पाठबळावर देशभर जी अर्ली कॉलेज हायस्कुले निघाली, त्यांनी ही कल्पना पूर्णत्वाला नेली: चार-पाच वर्षांत शाळेचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबर असोसिएट पदवी किंवा दोन वर्षांपर्यंतचे क्रेडिट, आणि तेही प्रामुख्याने अशा मुलांना ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे की यांपैकी दुसरा हेतू हाच सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या योजनेचा खरा आधार असायला हवा. ज्याच्या घरी आई आणि वडील दोघेही पदवीधर आहेत, ज्याच्या नावाने जन्मापासून शिक्षणाचा पैसा बाजूला काढला जात आहे, त्याला शाळेतच १५ क्रेडिट मिळाली तर एक सत्र वाचेल. चांगलेच आहे, पण न मिळाली तरी तो पदवीधर होणारच आहे. ज्या मुलीच्या कुटुंबात कॉलेज ही दुसऱ्यांची गोष्ट समजली जाते, तिने सोळाव्या वर्षी इंग्रजी निबंधलेखनाचा कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यात बी ग्रेड मिळवली, तर तिच्या आयुष्यात नवीन घडते ते त्या तीन क्रेडिटपेक्षा कितीतरी मोठे असते. कॉलेजची नोंदणी कशी करतात, प्राध्यापकांना त्यांच्या ठरलेल्या वेळी भेटून शंका कशी विचारतात, अभ्यासक्रमाची रूपरेषा वाचून सत्राचे नियोजन कसे करतात, हे सारे तिला शाळेच्या शिक्षकांचा आधार पाठीशी असतानाच कळते. आपण हे करू शकतो याचा पुरावा तिच्या हातात कागदावर येतो.

ही केवळ सदिच्छा आहे असे कुणी म्हणू नये, कारण याला चांगला आधार आहे. अर्ली कॉलेज शाळांमध्ये जागांपेक्षा अर्ज जास्त आले की प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिला जातो. त्यामुळे संशोधकांना एक दुर्मीळ संधी मिळाली: ज्यांना चिठ्ठीत जागा मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशा, बाकी सर्व बाबतींत सारख्या, मुलांची पुढची वाटचाल ताडून पाहता आली. हुशार आणि धडपडी मुलेच असे अभ्यासक्रम घेतात म्हणून ती पुढे जातात, ही शंका इतर अभ्यासांत पूर्णपणे फिटत नाही. इथे ती बरीचशी फिटते. उत्तर कॅरोलिनासह अनेक ठिकाणच्या अशा अभ्यासांतून निष्कर्ष निघाला की चिठ्ठीत जागा मिळालेली मुले कॉलेजात अधिक प्रमाणात गेली आणि पदवीपर्यंतही अधिक प्रमाणात पोचली. शिक्षणधोरणाच्या क्षेत्रात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो, म्हणून मी त्याला मोठे वजन देतो.

एपीच्या मूळ हेतूलाही एका शिक्षकाने आतून बदलून दाखवले होते. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हायमे एस्कलान्ते हे बोलिव्हियाहून आलेले शिक्षक गणित शिकवत. शाळेतली बहुसंख्य मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतली होती आणि त्यांच्याकडून फारसे काही होईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. १९८२ मध्ये त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी एपी कॅल्क्युलसची परीक्षा दिली आणि सर्व जण उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला उत्तरांतल्या साम्यावरून संशय आला, १४ जणांवर बोट ठेवले गेले. त्यांपैकी १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि त्यांचे गुण कायम राहिले. ही हकीगत फार प्रसिद्ध झाली, पण तिचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सहसा सांगितला जात नाही. एस्कलान्ते यांनी त्या एका वर्गावर सारे उभे केले नव्हते. त्यांनी खालच्या इयत्तांपासून बीजगणिताचा पाया बांधून घेतला, शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्यामागे उभे राहिले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात मुलांसाठी गणिताचे जादा वर्ग चालत. १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेले आणि काही वर्षांतच तो कार्यक्रम ओसरला. कॉलेजची पातळी गाठणे हे त्या दोन सत्रांचे काम नसते, त्याआधीच्या पाच वर्षांचे असते, आणि ते एका माणसाच्या तळमळीवर सोडून चालत नाही.

म्हणूनच आज या सोयीचा लाभ प्रत्यक्षात कुणाला मिळतो याकडे पाहिले की मन अस्वस्थ होते. संख्या वाढली आहे, पण कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि अल्प उत्पन्न गटातील मुलांचे त्यातले प्रमाण त्यांच्या शाळेतल्या प्रमाणाच्या मानाने कमीच आहे. जिथे पालकांना नियम माहीत आहेत, जिथे शाळेचा समुपदेशक शेकडो मुलांच्या ओझ्याखाली दबलेला नाही, जिथे दुपारी मुलाला कॉलेजात सोडायला घरात दुसरी गाडी आहे, तिथे ही सोय आपोआप वापरली जाते. आपल्या समाजाचे इथे प्रांजळपणे काही मान्य केले पाहिजे. मराठी पालक, किंबहुना एकूणच भारतीय पालक, हे नियम फार लवकर आत्मसात करतात. कोणत्या शाळेत किती एपी आहेत हे पाहून घर घेणारी कुटुंबे आपल्या ओळखीची असतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र क्रेडिटची बेरीज ही जेव्हा मुलांमधली तुलना होते, एपीच्या ग्रेडला शाळेच्या सरासरीत जादा भार मिळतो म्हणून आवड नसलेले विषय घेतले जातात, आणि अकरावीतल्या मुलीची झोप पाच तासांवर येते, तेव्हा या योजनेने त्या मुलीला काय दिले हे विचारायला हवे. तिला कॉलेज आपले वाटावे यासाठी कोणत्याही योजनेची गरज नव्हती.

क्रेडिट हे चलन आहे आणि प्रत्येक चलनाप्रमाणे त्याची किंमत स्वीकारणाऱ्याच्या हातात असते. त्याचा उगमही मनोरंजक आहे. १९०५-०६ च्या सुमारास अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आली. कोणत्या संस्था तिला पात्र, हे ठरवताना खरे कॉलेज कशाला म्हणायचे याची व्याख्या करावी लागली, आणि शाळेतल्या अभ्यासाचे मोजमाप तासांत करण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. कॉलेजची क्रेडिट-पद्धतही याच तासमोजणीच्या वळणाने घडली. आज चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि एका अभ्यासक्रमाला बहुधा तीन मिळतात. तासांचे हे मोजमाप एका संस्थेतून दुसरीत जाताना किती गळते हे २०१७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने दाखवून दिले: एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली होती. ती आकडेवारी कॉलेज बदललेल्या सर्वच विद्यार्थ्यांची आहे, शालेय मुलांची स्वतंत्र नाही. पण शाळेत मिळवलेले क्रेडिट हे जवळजवळ नेहमी दुसरीकडे न्यावे लागणारे क्रेडिट असते, त्यामुळे धोका तोच आहे.

पालकांना इथे दोन वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात, आणि शाळांच्या माहितीपत्रकांत त्या क्वचितच वेगळ्या करून सांगितलेल्या असतात. एखादे विद्यापीठ क्रेडिट स्वीकारते याचा अर्थ ते पदवीच्या आवश्यक विषयांत मोजले जाईल असा होत नाही. अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाने शाळेत मानसशास्त्र, चित्रकलेचा इतिहास आणि सर्वसाधारण व्यवसाय परिचय असे तीन अभ्यासक्रम केले, तर नऊ क्रेडिट ऐच्छिक म्हणून नोंदली जातील आणि पदवीचा एक दिवसही कमी होणार नाही. डार्टमथसारख्या निवडक कॉलेजने तर २०१८ मध्ये बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून एपी गुणांवर पदवीचे क्रेडिट देणेच बंद केले. त्या गुणांवर फार तर वरच्या वर्गात बसता येते. याउलट इलिनॉयसह अनेक राज्यांनी आपल्या सरकारी विद्यापीठांवर ३ गुणांना क्रेडिट देण्याचे कायदेशीर बंधन घातले आहे. फ्लोरिडाने सर्व सरकारी कॉलेजांतील समान अभ्यासक्रमांना एकच क्रमांक देण्याची पद्धत दीर्घकाळ चालवली आहे, ज्यामुळे एका ठिकाणचे पहिल्या सत्राचे रसायनशास्त्र दुसऱ्या ठिकाणी तेच म्हणून ओळखले जाते. मला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. ज्या राज्याने मुलांना सांगितले की हे कॉलेजचे क्रेडिट आहे, त्या राज्याच्या विद्यापीठांनी ते मानलेच पाहिजे. ज्या पालकांना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची समकक्षतेची कोष्टके वाचता येतात त्यांचे नुकसान कमी होते. ज्यांना ती आहेत हेच माहीत नाही त्यांचे सर्वाधिक होते.

खर्चाबाबतही राज्याराज्यांत असेच अंतर आहे. मिनेसोटा आणि ओहायो यांनी सरकारी कॉलेजांतील शुल्क आणि पुस्तके दोन्हींचा भार उचलला आहे. वॉशिंग्टनमध्ये शिकवणी शुल्क माफ असते, पण पुस्तके आणि येण्याजाण्याचा खर्च बहुतेक कुटुंबांना स्वतः करावा लागतो. टेक्ससने २०२३ च्या कायद्याने गरजू मुलांसाठी हे अभ्यासक्रम सहभागी कॉलेजांत विनाशुल्क केले. इतर अनेक ठिकाणी सवलतीचे का होईना, शुल्क घरूनच जाते. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याचे केवळ शिकवणी शुल्क वर्षाला सरासरी ११ हजार डॉलरच्या पुढे गेले आहे, त्यामुळे शाळेतच दोन सत्रांची क्रेडिट मिळणे ही मध्यमवर्गीय घरासाठीही खरी बचत आहे. ती बचत मी क्षुल्लक मानत नाही. मात्र जिथे प्रवेशासाठीच आधी पैसे मोजावे लागतात तिथे बचतीचा लाभही ज्यांच्याकडे मोजायला पैसे आहेत त्यांनाच मिळतो.

शुल्काइतकीच गंभीर, पण फारशी बोलली न जाणारी गोष्ट म्हणजे कायमच्या गुणपत्रकाची. पंधरा-सोळा वर्षांचे मूल ड्युअल एनरोलमेंटच्या वर्गात बसले की त्याची ग्रेड कॉलेजच्या दप्तरी जाते आणि पुढे कोणत्याही विद्यापीठात अर्ज करताना ती दाखवावी लागते. नापास झालेला किंवा मध्येच सोडलेला अभ्यासक्रम पुढे सरकारी आर्थिक मदत टिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रगतीच्या हिशेबात धरला जाऊ शकतो. शिवाय कायद्याने कॉलेजच्या नोंदींवरील हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो, मग त्याचे वय सोळा का असेना. प्राध्यापक पालकांना परस्पर काही सांगायला बांधील नसतात. शाळेच्या पालकसभेची सवय असलेल्या आईवडिलांना ही गोष्ट सत्र संपल्यावरच कळते. याचा अर्थ मुलांना या वाटेने पाठवू नये असा मी काढत नाही. एकाच वेळी चार अभ्यासक्रम घेऊ देण्याऐवजी पहिल्या सत्रात एकच घेऊ द्यावा, आणि नाव काढून घेण्याची शेवटची तारीख मुलाला नोंदणीच्या दिवशीच सांगितली जावी, इतकी खबरदारी प्रत्येक शाळेने घ्यायला हवी.

या पद्धतीवर मुख्य आक्षेप दर्जाचा आहे. शाळेच्या वर्गात, शाळेच्या घंटेवर, शाळेच्याच शिक्षकाने शिकवलेला अभ्यासक्रम कॉलेजचा कसा म्हणायचा, असे विद्यापीठांतले प्राध्यापक विचारतात आणि त्यांची शंका पोकळ नाही. अमेरिकेच्या मध्य भागातील राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनने २०१५ मध्ये स्पष्ट केले की असा अभ्यासक्रम शिकवणाऱ्याकडे त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, किंवा दुसऱ्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि संबंधित विषयातील १८ पदव्युत्तर क्रेडिट, असायला हवीत. हा दंडक योग्यच होता. पण त्याने एक कठीण वास्तव पुढे आणले: ग्रामीण शाळांत असे शिक्षक मिळतच नाहीत. अमेरिकेत शिक्षकांना मिळणारी पदव्युत्तर पदवी बहुधा शिक्षणशास्त्राची असते, इतिहासाची किंवा भौतिकशास्त्राची नसते. परिणामी जिथे ही सोय सर्वाधिक हवी तिथेच ती बंद पडण्याची वेळ आली आणि मुदती वारंवार वाढवाव्या लागल्या. दंडक सैल करणे हा सोपा मार्ग आहे. ग्रामीण शिक्षकांना पगारी रजा देऊन ते १८ क्रेडिट पुरे करू देणे हा खर्चिक मार्ग आहे, आणि माझ्या मते राज्यांनी तोच धरायला हवा.

मानव्यविद्यांचे प्राध्यापक आणखी एक चिंता मांडतात आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. शाळेत सर्वाधिक घेतले जाणारे अभ्यासक्रम म्हणजे इंग्रजी निबंधलेखन, अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, मानसशास्त्र. पदवीच्या पहिल्या वर्षात वेगवेगळ्या शाखांची मुले एकत्र बसून जे वाचत, ज्यावर वाद घालत, तेच आता शाळेत उरकून टाकले जाते. अठराव्या वर्षी गुलामगिरीचा आणि यादवी युद्धाचा इतिहास वाचणे आणि पंधराव्या वर्षी वाचणे यांत अंतर आहे, आणि अभियंता होणारा मुलगा तो पुन्हा कधीच वाचणार नाही. यावर माझ्याकडे पुरते समाधानकारक उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की ज्या विद्यापीठांना ही चिंता आहे त्यांनी क्रेडिट नाकारण्याऐवजी त्या वाचलेल्या जागेत इतिहासाचा किंवा साहित्याचा वरच्या पातळीचा एक अभ्यासक्रम सर्वांसाठी ठेवावा. नाकारण्याची झळ पुन्हा त्याच मुलांना बसते ज्यांच्यासाठी तीन क्रेडिटचे शुल्क ही मोठी रक्कम आहे.

महाराष्ट्राचा विचार इथे ओघाने येतो, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कॉलेजात शिकणे ही कल्पना तिथे परकी नाही. १०+२+३ ही रचना येण्यापूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा देऊन मुले थेट कॉलेजात जात. १९७५ मध्ये नव्या रचनेची पहिली दहावीची परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय अस्तित्वात आले. अनेक ठिकाणी ते वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात, त्याच प्रयोगशाळांच्या आणि ग्रंथालयाच्या शेजारी आहे. मुले स्वतःला कॉलेजचे विद्यार्थी म्हणतात, घरचेही तसेच म्हणतात. प्रत्यक्षात मात्र ती राज्य मंडळाच्या अखत्यारीत असतात, जिना चढून वर भरणाऱ्या पदवीच्या वर्गाशी त्यांचा शैक्षणिक संबंध शून्य असतो. अमेरिकेला ज्या शिक्षकाची टंचाई भासते तो शिक्षक महाराष्ट्रात आहे: कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठी विषयाची पदव्युत्तर पदवी आणि त्याबरोबर शिक्षणशास्त्राची पदवी लागते. नियमाची चौकटही आता तयार आहे. २०२१ मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट त्याच्या खात्यावर साठवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे, विनियम आले, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय आणि उच्च शिक्षण एकाच मोजपट्टीवर आणले. वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, बारावी चौथ्या पातळीवर आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचारवर. बारावीतल्या विद्यार्थिनीने पदवीच्या पहिल्या सत्राचा एखादा विषय पुरा करून पुढे तो मोजून घ्यावा, अशी रुळलेली वाट मात्र अजून पडलेली नाही.

ती वाट पाडताना अमेरिकेची चूक टाळणे शक्य आहे, कारण सुरुवात कुठून करायची हे आधीच ठरवता येते. शहरांतल्या विज्ञान शाखेच्या मुलांचा अकरावी-बारावीचा काळ आज जेईई आणि नीटच्या क्लासने व्यापलेला आहे. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत हजेरी केवळ कागदावर लागते. तिथे ही योजना आणली तर क्लासवाले महिनाभरात तिचे पॅकेज काढतील आणि क्रेडिट हे आणखी एक विकाऊ साधन होईल. सुरुवात कला आणि वाणिज्य शाखांतून, आणि ज्या तालुक्यांत बारावीनंतर मुलींचे शिक्षण थांबते तिथून व्हायला हवी. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठासारख्या विद्यापीठाने पहिल्या सत्राचे तीन-चार विषय निवडावेत, बारावीच्या वर्गांना शिकवणाऱ्या पात्र शिक्षकांना ते शिकवण्याची मान्यता आणि त्या तासांचे वेगळे मानधन द्यावे, परीक्षा विद्यापीठाची असावी आणि तिचे शुल्क माफ असावे. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलीला तो विषय मराठीतूनच घेता यावा, आणि नापास झाल्यास त्याची नोंद तिच्या खात्यावर राहू नये. दोन वर्षांनी हिशेब करताना किती जणींनी सत्र वाचवले हा आकडा दुय्यम मानून, त्या तालुक्यातल्या किती मुलींनी पदवीच्या पहिल्या वर्षात नाव घातले आणि किती दुसऱ्या वर्षापर्यंत टिकल्या, हे विद्यापीठाने जाहीर करावे.